रिपोर्ट रुग्णाचा, तर वाचायचाही त्यानेच

मधुमेह असलेल्या माणसाने आपला रिपोर्ट स्वतः वाचण्याच्या फंदात पडू नये, असे सांगणारी मंडळी अलीकडे वाढली आहेत. व्याख्यानांतून हे सांगितले जाते, पुरवण्यांतून छापले जाते, आणि सांगणाऱ्याच्या सुरात वडीलकीची माया असते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, सातच्या आत असली की झाले, वर गेली की गोळी वाढवायची; बाकीचे आकडे बघायला डॉक्टर समर्थ आहेत. रुग्णाला त्यातले काही कळत नाही. अर्धवट कळले की तो घाबरतो, घाबरला की इंटरनेट धुंडाळतो आणि मग दवाखान्यात येऊन हुज्जत घालतो. तेव्हा त्याने पथ्य पाळावे, गोळ्या वेळेवर घ्याव्यात आणि लॅबचे पाकीट न उघडता टेबलावर ठेवावे. हे मत मला पटत नाही, आणि पटत नाही म्हणून सोडून द्यावे इतके ते निरुपद्रवीही नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या वर आहे. एवढ्या माणसांना स्वतःच्या शरीराच्या हिशेबापासून दूर राहायला सांगितले जात आहे.

या मताचा सगळा डोलारा एका गृहीतावर उभा आहे. रिपोर्टवरचा आकडा स्वयंपूर्ण असतो, तो फक्त जाणकाराने पाहिला की पुरे, हे ते गृहीत. ज्या एचबीएवनसीवर या मंडळींची सर्वाधिक भिस्त आहे, तिथेच ते सर्वात आधी कोसळते. ही तपासणी साखर थेट मोजत नाही. रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी जगेल तोवर चिकटून राहते; अशा साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनचे शेकडा प्रमाण म्हणजे हा आकडा. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून आपण त्याला तीन महिन्यांची साखर म्हणतो. त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा जवळजवळ निम्मा असतो. ७ टक्के म्हणजे सरासरी १५४, ८ टक्के म्हणजे १८३, हे कोष्टक २००८ सालच्या एका अभ्यासातून आले आणि आता कितीतरी रिपोर्टांवर छापलेले दिसते. पण हे गणित पेशी नेहमीइतकी जगते या अटीवर बसवलेले आहे. ती अट मोडली की आकडा बिघडतो, आणि बिघडल्याची खूण त्या आकड्यावर कुठेही उमटत नाही.

ही अट क्वचित मोडत असती तर वाद घालायचे कारण नव्हते. आपल्याकडे ती सर्रास मोडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. शरीरात लोह कमी असले की एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकते. मग लोहाच्या गोळ्या सुरू होतात, आणि रोजची साखर जागची न हलता तोच आकडा खाली येतो. बाईला शाबासकी मिळते आणि मधुमेह होता तिथेच राहतो. बी-बारा कमी असल्यानेही आकडा वर सरकू शकतो, आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमध्ये, त्यातही शाकाहारी असतील तर, बी-बारा कमी होणे मुळीच दुर्मीळ नाही. याच्या उलट, तांबड्या पेशी लवकर मरत असतील तर आकडा फसवा कमी येतो. नंदुरबार आणि गडचिरोलीच्या आदिवासी भागांत सिकलसेल ही ओळखीची गोष्ट आहे. सिकलसेलचा आजार असलेल्या माणसाच्या कागदावर ६.२ दिसले तर समाधान नव्हे, शंका यायला हवी. दोन महिन्यांपूर्वी ऑपरेशनमध्ये रक्त चढवले असेल, मूळव्याधीतून रक्त जात असेल, पाळीत अंगावरून जास्त जात असेल, तर आकडा या ना त्या बाजूला कलू शकतो. यातले काय घडले आहे हे लॅबमधल्या यंत्राला माहीत नसते. पाच मिनिटांच्या भेटीत डॉक्टरांनी विचारले नाही तर त्यांनाही नाही. माहीत असते ते रुग्णाला, आणि त्यालाच आपण सांगतो आहोत की कागदाकडे बघू नकोस. मग आपल्याला माहीत असलेली ही गोष्ट त्या आकड्याशी जोडायची आहे, हे त्याला सुचणार कसे?

पेशी अगदी ठणठणीत असल्या तरी सरासरी ही सरासरीच. दिवसभर ११० ते १९० च्या दरम्यान राहणारा माणूस आणि पहाटे ५० पर्यंत उतरून जेवणानंतर २८० वर जाणारा माणूस, दोघांचाही रिपोर्ट ७ येऊ शकतो. पहिल्याचे ठीक चालले आहे. दुसऱ्याला पहाटे दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, कधी अंथरुणातून उठताना तोल जातो, आणि विशेषतः तो सत्तरीचा असेल तर हे जिवावर बेतू शकते. कागदावर दोघे सारखेच उत्तीर्ण. फरक सांगणारा पुरावा दुसऱ्याच्या अंगावर आहे, पण घामाचा आणि सातचा काही संबंध असू शकतो हे त्याला कुणी समजावलेलेच नाही. तो घाम उकाड्याच्या नावावर खपवतो.

उपाशीपोटीच्या साखरेचेही तसेच. रक्त काढल्यावर नळीतल्या पेशी साखर वापरतच राहतात; साध्या नळीत, खोलीच्या तापमानात, तासाला ५ ते ७ टक्के साखर कमी होऊ शकते. त्यासाठीच राखाडी झाकणाची, फ्लोराइड घातलेली नळी वापरतात. सकाळी सहाला घरून नेलेले रक्त साध्या नळीत तीन तास तसेच फिरत राहिले, तर १३० चे ११० च्या आसपास होते आणि घरात आनंद होतो. आदल्या रात्री लग्नाचे जेवण झाले, सर्दीतापात स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या, दोन दिवस गोळी चुकली, यातले काहीही रिपोर्टवर छापून येत नाही. आणि रुग्णाला उत्तीर्ण-अनुत्तीर्णाचीच भाषा शिकवल्यावर तो काय करतो हेही बघा. तपासणीच्या आधी चार दिवस भात बंद, गोड बंद, फेऱ्या दुप्पट. जेवणानंतरच्या साखरेसाठी नेहमीच्या ताटाऐवजी एक सुकी पोळी खाऊन तो रांगेत उभा राहतो. आकडा छान येतो आणि पूर्ण निरुपयोगी असतो. या लबाडीचा दोष मी रुग्णाला देत नाही. ज्यांनी रिपोर्टला निकालपत्र केले, त्यांचा हा दोष आहे.

आता मर्यादेबाहेरचे आकडे रिपोर्टवर ज्या ठळक अक्षरांत छापतात, त्यांच्याकडे येऊ. कागदावर जे ठळक तेवढेच महत्त्वाचे, हे या मतातले दुसरे गृहीत. लॅब जी नॉर्मल मर्यादा छापते ती बहुधा निरोगी माणसांतल्या ९५ टक्क्यांची मर्यादा असते. म्हणजे वीस स्वतंत्र तपासण्यांचे पॅकेज पूर्ण निरोगी माणसाने केले, तरी निदान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के. एकीकडे ही फुकटची भीती, दुसरीकडे फुकटचा दिलासा. एचबीएवनसीची नॉर्मल मर्यादा ५.७ च्या आत छापलेली असते, त्यामुळे उत्तम नियंत्रण असलेल्या माणसाचे ६.८ ठळक होते आणि तो खचतो. एलडीएल कोलेस्टेरॉल १२० असेल आणि लॅबने मर्यादा १३० छापली असेल, तर काहीच ठळक होत नाही. पण मधुमेह असलेल्यांसाठी साधारणपणे १०० च्या आत, आणि हृदयविकार असेल तर ७० च्याही खाली, असे लक्ष्य धरतात. सर्वात घातक प्रकार मूत्रपिंडाचा आहे. ६५ वर्षांच्या बाईचे क्रिएटिनिन १.२ आले तर अनेकदा ते नॉर्मलमध्ये गणले जाते. वय आणि लिंग धरून सूत्राने ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, काढला तर तो ५० च्या आसपास येतो, आणि ६० च्या खालचा ईजीएफआर तीन महिने टिकला तर तो दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. त्याही आधी लघवीतल्या अल्ब्युमिनचे क्रिएटिनिनशी प्रमाण ३० च्या वर जाऊन इशारा देते, पण ही तपासणी झटपट पॅकेजमध्ये नसेल तर मागणार कोण?

राहिलेल्या हरकती किरकोळ आहेत. डॉक्टरांना वेळ नाही म्हणता, तर तयारीने आलेला रुग्ण वेळ वाचवतो. निरक्षरांचे काय असे विचारता, तर बचत गटाचा हप्ता आणि दुधाचा रतीब तोंडी सांभाळणाऱ्या बाईला मागच्यापेक्षा वाढले की कमी झाले हे बरोबर कळते. भीतीचे म्हणाल, तर ती न सांगितल्याने वाढते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचे कामच लघवीवाटे साखर बाहेर टाकणे आहे, त्यामुळे लघवीच्या रिपोर्टवर साखर भरपूर दिसणारच. हे एका वाक्यात आधी सांगितले नाही, तर माणूस तीन अधिकचिन्हे पाहून चांगले चाललेले औषध स्वतःच बंद करतो.

घरी ग्लुकोमीटर ठेवावा की नाही, यावरून जो वाद झाला तो जुन्या वाचकांना आठवत असेल. तेव्हाही हेच मुद्दे होते: लोक सारखे बोट टोचत बसतील, यंत्र चुकीचे दाखवेल, घबराट माजेल. यंत्र थोडे चुकते हे खरेच आहे. १०० च्या वरच्या साखरेला १५ टक्के इकडेतिकडे चालते असे आंतरराष्ट्रीय मानकच सांगते. तरीही आज इन्सुलिन घेणाऱ्याला मीटरशिवाय राहा असे कुणी शहाणा डॉक्टर सांगत नाही. दुसरा जुना वाद साखर जितकी खाली तितके चांगले, हा. हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या दहा हजारांवर रुग्णांवर उत्तर अमेरिकेत झालेल्या चाचणीत एका गटाचे एचबीएवनसी ६ च्या खाली नेण्याचा कसून प्रयत्न झाला; त्या गटात मृत्यू जास्त होत असल्याचे दिसल्यावर तो भाग २००८ साली थांबवावा लागला. १९९८ साली जाहीर झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासाने मात्र नव्याने निदान झालेल्यांत चांगल्या नियंत्रणाने डोळे आणि मूत्रपिंडे वाचतात हे दाखवले होते. दोन्ही खरे आहे. पस्तिशीतल्या माणसाचे लक्ष्य आणि अशक्त, ऐंशीच्या आजोबांचे लक्ष्य एक नसते. आजोबांना ८ च्या आसपास पुरते. तरीही ‘सातच्या आत’ सर्वांना एकाच ठशात बसवायचा आग्रह चालूच आहे.

मग रुग्णाने नेमके काय करावे? डोस स्वतः बदलू नये, हे निर्विवाद. रिपोर्ट वाचणे आणि औषध ठरवणे ही वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्याच्या भीतीने पहिल्याचा बाऊ करण्यात अर्थ नाही. एका वहीत तारखेसमोर एचबीएवनसी, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, लघवीतले अल्ब्युमिन, रक्तदाब आणि वजन उतरवावे, शक्यतो एकाच लॅबमधले. शेजारी त्या काळात आलेला ताप, नवी गोळी, चुकलेले पथ्य, चढवलेले रक्त लिहावे. ७.१ चे ६.९ झाले तर पेढे वाटू नयेत आणि उलटे झाले तर उपास धरू नये, कारण अर्ध्या टक्क्याच्या आतला फरक तपासणीच्याच चढउताराचा असू शकतो. अल्ब्युमिन एकदा जास्त आले तर ते तापाने, लघवीच्या जंतुसंसर्गाने किंवा जोरदार व्यायामानेही आलेले असू शकते. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन वेळा जास्त आले तर ते खरे धरतात. डोळ्यांच्या पडद्याची आणि तळपायांच्या संवेदनेची वार्षिक तपासणी रक्ताच्या कोणत्याही रिपोर्टात येत नाही, तिच्यासाठी वहीत वेगळी ओळ हवी. आणि भेटीच्या शेवटी डॉक्टरांना एवढेच विचारावे की माझ्या वयाला आणि माझ्या आजारांना धरून माझा आकडा किती असावा, आणि तो त्यांच्याच हाताने वहीत लिहून घ्यावा.