रिझर्व्हेशन आहे का?

दारावरच्या पोराने एवढंच विचारलं. आम्ही चौघं. रात्रीचे सव्वादहा. सावेडीच्या माउली सभागृहातून गाण्यांचा कार्यक्रम ऐकून बाहेर पडलेलो. कानात अजून ढोलकी घुमतेय आणि पोटात कावळे ओरडतायत. म्हटलं आज भुर्जीपाव नको. आज ऐटीत जेवू. चार पोरं कमावती झालीत, इस्त्रीचे शर्ट घातलेत, एकाचा पगार कालच झालाय. काचेच्या दाराचं, पिवळ्या दिव्यांचं एक हॉटेल गाठलं. आत निम्मी टेबलं रिकामी. दारात काळ्या शर्टातला पोरगा, हातात वही.

‘रिझर्व्हेशन आहे का, सर?’

आमच्यातला एक खदकन हसला. ‘आहे ना. जन्मापासनं आहे.’

पोराला कळलं नाही. किंवा कळलं असेल. त्यानं मान खाली घालून वहीचं पान उलटलं. ‘मग वेटिंगला टाकतो. आडनाव सांगा.’

आणि दोस्तांनो, इथं गोची झाली. ज्यानं विनोद मारला होता, जो एप्रिलात मिरवणुकीत सगळ्यात पुढं नाचतो, ज्याच्या गाडीवर निळ्या अक्षरात काय लिहिलंय ते अख्ख्या लालटाकीला पाठ आहे, तोच झटकन बोलला, ‘देशमुख लिहा.’

आम्ही तिघंही गप्प. कुणी त्याला टोकलं नाही. हे लिहिताना मला त्याच्यापेक्षा माझीच जास्त लाज वाटतेय.

वीस मिनिटं बाहेरच्या बाकड्यावर बसलो. मग पोरानं हाक मारली, ‘देशमुख, चार जण!’ कुणीच उठलं नाही. खरंच सांगतो, आम्हाला वाटलं दुसऱ्याच कुणाला बोलावतोय. त्यानं दोनदा पुकारलं, आजूबाजूला बघितलं आणि टेबल मागच्या कुटुंबाला देऊन टाकलं. आम्ही तारकपूर स्टँडच्या बाजूला जाऊन भुर्जीपावच खाल्ला. हसत हसत खाल्ला. पण ते हसणं काही खरं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, त्या बिचाऱ्या पोरानं तुम्हाला जात विचारली का? नाही विचारली. त्याच्या वहीत आडनावाचाच रकाना होता, त्याला नोकरी टिकवायचीय. अपमान कुणी केला नाही. मग घाबरलं कोण? आणि कशाला? आपल्याकडं आडनाव हे नुसतं आडनाव नसतं, हे सावेडीतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. कांबळे, साळवे म्हटलं की चेहऱ्यावरची एक रेघ हलते. गायकवाड, जाधव असशील तर घटकाभर सुटलास, कारण पुढचा प्रश्न तयारच असतो. ‘गाव कुठलं?’ मग ‘गावात कुठं?’ खोली भाड्यानं घेताना हे तू ऐकलंयस. तेच दुखणं माझा दोस्त जेवायच्या टेबलापर्यंत घेऊन आला.

आणि भीती हवेतनं आलेली नाही. याच जिल्ह्यात, शिर्डीत, मे २०१५ मध्ये एक नर्सिंग शिकणारा तरुण बिअरच्या दुकानात दोस्तांबरोबर बसला होता. फोन वाजला. रिंगटोन भीमगीताची. त्यावरून भांडण काढलं आणि पोराला मारून टाकलं. बसायची जागा आणि कानावर पडणारं गाणं, एवढ्याच दोन गोष्टी होत्या तिथं. आमच्या देशमुख झालेल्या दोस्ताच्या फोनवरही तेव्हा तसलीच रिंगटोन होती. त्या बातमीनंतर त्याच्या आईनं ती बदलायला लावली.

म्हणून मला त्याच्यावर ओरडता येत नाही. पण गप्पही बसवत नाही.

घटनेचा पंधरावा अनुच्छेद काढ. दुसरा खंड वाच. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणं, सगळी एका ओळीत बसवलीत. त्याच्या खाली विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. गाणं ऐकायची जागा आणि गाण्यानंतर जेवायची जागा घटनेनं शेजारीशेजारी ठेवली, हे काय उगाच? २९ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेनं हे मंजूर केलं, आणि अस्पृश्यता नष्ट करणारं कलमही त्याच दिवशी. पुढं १९५५ चा अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा आला. १९७६ मध्ये त्याला नागरी हक्क संरक्षणाचं नाव मिळालं. त्यात तर हॉटेलातली भांडी वापरायचा हक्क वेगळा लिहावा लागला. भांडी! कारण कपबशा वेगळ्या ठेवल्या जायच्या, बाहेर, खिळ्याला किंवा वळचणीला. आपले आजोबा चहा पिऊन ती कपबशी स्वतः विसळून ठेवायचे, पैसे मात्र पुरे मोजायचे.

महाडचं पाणी आपण भाषणात सांगतो. २० मार्च १९२७. पण हल्ला झाला तेव्हा मांडवात आपली माणसं जेवत होती, ते अन्न मातीत तुडवलं गेलं, हे किती जण सांगतात?

चळवळीतले काही जुने साथी म्हणतात, हॉटेलात जेवून क्रांती होते काय? चारशेची थाळी खायची आणि परिवर्तनाच्या बाता मारायच्या, पांढरपेशे झालात रे! त्यांचं निम्मं मला पटतं. झोपडी कँटीन म्हणतात त्या चौकात झोपडीवाल्याला आता चहासुद्धा परवडत नाही. नाव झोपडीचं, भाव बंगल्याचा. ज्याच्या खिशात काही नाही त्याला दारावरच्या पोराचीही गरज लागत नाही, तो लांबूनच मागं फिरतो. सिद्धार्थनगरातल्या किती बायका त्याच हॉटेलांत भांडी घासतात आणि किती वाजता सुटतात, हे आपण विचारलं पाहिजे, आणि जेवायला बसल्यावर विचारलं पाहिजे.

पण उरलेलं निम्मं पटत नाही. १ फेब्रुवारी १९६० ला अमेरिकेत ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात शिरले. किरकोळ सामान घेतलं, पैसे दिले, दुकानानं ते घेतले. मग खाण्याच्या काउंटरला बसून कॉफी मागितली. ती दिली नाही. पोरं हलली नाहीत. कॉफीचा प्रश्न बारीक होता म्हणून ते उठले असते, तर? त्याच देशात १९३६ पासून काळ्या प्रवाशांसाठी ‘ग्रीन बुक’ नावाचं पुस्तक निघायचं. कुठं जेवायला मिळेल, कुठं झोपायला, याची यादी. चांगलं हॉटेल शोधणं म्हणजे चैन, असं ज्याला वाटतं त्याला अशा यादीची गरज पडलेली नसते.

आणखी एक राहिलंच. या नव्या हॉटेलांची सजावट बघ. नगर-पुणे रोडला, मनमाड रोडला बघ. बैलगाडीचं चाक, कंदील, मातीची चूल, भिंतीवर टांगलेली पगडी. नावात वाडा, नावात पाटील. सगळं गाव आणलंय, फक्त आपला वाडा आणायचा राहिला! मेनूत गावरान सगळं आहे, पण वजडी, रक्ती, चान्या शोधून दाखव. शाहू पाटोळ्यांनी २०१५ मध्ये ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ लिहून ती पानं भरून काढली. त्याच साली सरकारनं बैलाचं मटणही बंद केलं. दया पवार याच जिल्ह्यातले, अकोल्याच्या धामणगावचे. त्यांच्या ‘बलुतं’चं नावच मुळी आपल्याला मिळणाऱ्या वाट्याचं. त्या वाट्याला पिवळा दिवा लावून कुणी विकत नाही, हे एका अर्थी बरंच.

आता आपल्या घरातलं. चौकात जयंतीचा कार्यक्रम होतो. गायकाला आपण लाखात मोजतो, ठीक. पण ढोलकीवाला, कोरसच्या बाया, साउंडवाली पोरं? दहाला भोंगा बंद, परवानगी असेल तर बाराला. मग स्टेजच्या मागं कागदी प्लेटीत गार पुरीभाजी. संगमनेरच्या हिवरगाव पावसाची पवळा तमाशाच्या फडावर उभी राहिली, तेव्हा बाईला नाचवणारं गाव तिला पंगतीत बसवत नव्हतं, म्हणून आपण गावाला शिव्या देतो. आणि आपण स्वतः आपल्या कलावंताला मांडवामागं उकिडवं बसवतो. मंडळाचे पदाधिकारी तेव्हा कुठं असतात? काचेच्या दाराआड.

मी ही गोष्ट मंडळाच्या बैठकीत काढली. थोडी बाचाबाची झाली. देशमुखनं, म्हणजे आमच्या दोस्तानं, पहिल्यांदा हात वर केला आणि पाचशे रुपये टेबलावर ठेवले. पुढच्या कार्यक्रमानंतर सगळा ताफा, बारा माणसं, त्याच हॉटेलात जेवणार आहे. बारा जणांचं आधी सांगून ठेवावं लागतं. फोन तोच करणार आहे. वहीत आडनाव नीट लिहून घ्या म्हणून सांगणार आहे, काना-मात्रेसकट.