प्रश्न तक्त्यात, उपचार परगावी

डहाणू : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी शुभारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथे झाला. जन्मदोष वेळीच हुडकणे हा त्याचा एक हेतू. कार्यक्रमाच्या जन्मदोषांच्या यादीत दुभंगलेले ओठ, वाकडी पावले, हृदयविकार आहेत. योनिमार्ग व गर्भाशयाचे दोष नाहीत. हे दोष बहुधा मुलगी वयात येतानाच उघड होतात.

त्यातला सर्वांत साधा दोष म्हणजे योनिपटलाला छिद्रच नसणे. पाळी सुरू होते, पण रक्त आत साचत राहते. दर महिन्याला ओटीपोटात कळा येतात, कधी लघवी तुंबते. घरी मात्र ‘अजून पाळी आलेली नाही’ एवढेच ठाऊक असते. छोट्या शस्त्रक्रियेने ही मुलगी बरी होते. योनिमार्गात आडवा पडदा असेल तर प्रकरण अवघड : पडद्याची जाडी एमआरआयवर पाहावी लागते, शस्त्रक्रियेनंतर मार्ग पुन्हा आकसू नये म्हणून वारंवार तपासणी लागते. विलंब झाल्यास साचलेले रक्त बीजवाहिन्यांतून मागे जाऊन एन्डोमेट्रिऑसिसचा धोका वाढतो.

गर्भाशयच नसणे हा दोष साधारण पाच हजार मुलींत एकीला आढळतो. पुण्याच्या गॅलक्सी केअर रुग्णालयात मे २०१७ मध्ये अशाच एका तरुणीवर देशातील पहिले गर्भाशय प्रत्यारोपण झाले. गर्भाशय तिच्या आईने दिले होते. त्याचा गाजावाजा झाला आणि तो योग्यच. पण तलासरीच्या मुलीची अडचण त्याच्या कितीतरी आधी, साध्या सोनोग्राफीपाशी सुरू होते.

कार्यक्रमाच्या किशोरवयीन तपासणी तक्त्यात पाळी लांबणे व पाळीतील वेदना यांविषयी प्रश्न आहेत. मात्र पथक शाळेत वर्षातून एकदा येते, दुखणे दरमहा. शिवाय अनोळखी डॉक्टरपुढे, मैत्रिणींच्या रांगेत, किती मुली तोंड उघडतील? आश्रमशाळेतील अधीक्षिकेला हे आधी कळू शकते. पाळी न येता दरमहा पोट दुखणाऱ्या मुलीची नोंद तिने ठेवावी आणि त्याच महिन्यात सोनोग्राफी व्हावी, एवढी व्यवस्था आदिवासी विकास व आरोग्य या दोन खात्यांनी मिळून करणे अशक्य नाही.

पुढची वाट मात्र लांबची. मोठ्या उपचारांसाठी इथले रुग्ण सिल्वासा, वलसाड किंवा मुंबई गाठतात. डहाणू रोडपर्यंत लोकल २०१३ मध्ये आली, पण फेरतपासणीच्या प्रत्येक खेपेला आईची मजुरी बुडतेच. सिल्वासा, वलसाड तर राज्याबाहेर. तिथल्या शस्त्रक्रियेची नोंद तालुक्याच्या रुग्णालयात परतेलच असे नाही.