शेवटच्या पानावरची नावं

शाळेचा गॅदरिंगचा आठवडा संपला की घरात दोन गोष्टी उरतात. एक, कुठेही सापडणाऱ्या टिकल्या आणि सेफ्टी पिना. दुसरी म्हणजे अहवाल. टिकल्या चार दिवसांत झाडून निघतात. अहवाल मात्र यंदा माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहायला बसले.

लेकीची शाळा साताऱ्यातली. मराठी माध्यमाची, अनुदानित, जुन्या दगडी इमारतीतली. दरवर्षी डिसेंबरात तिथे सहा दिवस नुसती धमाल असते. सोमवारी क्रीडास्पर्धा, मंगळवारी विज्ञान प्रदर्शन, बुधवारी रांगोळी आणि चित्रकला, गुरुवारी आनंदमेळा, शुक्रवारी हस्तलिखिताचं प्रकाशन आणि बक्षीस समारंभ, शनिवारी गॅदरिंग. यंदा मदतीला येणाऱ्या पालकांत माझं नाव होतं, त्यामुळे सहाही दिवस मी तिथेच. निऱ्या घालून देणं, रांगा लावणं, हरवलेल्या पाण्याच्या बाटल्या शोधणं ही माझी खाती.

आधीच सांगते, मला हा आठवडा फार आवडतो. अभ्यास बुडतो म्हणून कुरकुरणारे पालक असतात, त्यांच्यातली मी नाही. वर्षभर बाकावर बसून जे शिकवता येत नाही ते या सहा दिवसांत शिकवून होतं, असं माझं ठाम मत आहे. पण त्याची नोंद जशी ठेवली जाते, त्याबद्दल मला बोलायचंय.

बक्षीस समारंभाला मुख्याध्यापिका बाई वार्षिक अहवाल वाचतात. यंदाही वाचला. शिष्यवृत्तीधारक, एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या ए ग्रेडवाल्या मुली, डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेत चमकलेला एक जण, जिल्ह्याला गेलेला खो-खोचा संघ, वक्तृत्व, निबंध, सूर्यनमस्कार. प्रत्येक नावाला टाळ्या. मीही वाजवल्या, अगदी मनापासून. ही मुलं कष्ट करतात आणि त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. माझ्या शेजारी मात्र एक आजोबा बसले होते. ते प्रत्येक नावाला किंचित पुढे वाकायचे आणि पुन्हा मागे टेकायचे. शेवटपर्यंत त्यांच्या नातवंडाचं नाव आलं नाही. येणार नव्हतंच. पण ते नातवंड सहा दिवस काहीच करत नव्हतं, असं थोडंच आहे?

सोमवारचंच बघा. मुलींचा खो-खो चालू होता. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि पुरुष व महिला दोन्ही गटांत भारत जिंकला, हे तुम्ही वाचलं असेलच. दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे. खो-खोकडे बघण्याची घराघरांतली नजर त्यानंतर थोडी बदलली आहे. पूर्वी "पडेल, लागेल" म्हणणाऱ्या आया आता मैदानाच्या कडेला उभं राहून ओरडतात.

शाळेत आपण खेळतो त्या खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाच्या नऊ जणी मैदानात असतात. एक धावते आणि आठ चौकोनांत बसलेल्या, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. धावणारीला मध्यरेषा ओलांडता येत नाही, एकदा धरलेली दिशा बदलता येत नाही. गडी पलीकडे निसटला की बसलेलीला पाठीमागून खो दिल्याशिवाय तिला काही करता येत नाही. म्हणजे बसलेल्या आठ जणी काही वाट बघत बसलेल्या नसतात, त्याही खेळतच असतात. टाचा उचललेल्या, कान मागे लावलेले. टाळ्या मात्र बाद करणारीलाच मिळतात. खेळात ते ठीक आहे, गुणफलकावर तेच दिसणार. पण शाळेनेही वर्षभराचा हिशोब असाच मांडायचा का?

मंगळवारी विज्ञान प्रदर्शन. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हापासून निदान ते पांढरे डोंगर आणि बर्फाळ हिमालय कमी झालेत, पुठ्ठ्याला चांगले दिवस आलेत. खायचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी आहेच, तो काही जात नाही. :) आठवीतल्या एका मुलाने इंजेक्शनच्या सिरिंजा वापरून जेसीबी केला होता. सिरिंजांत पाणी भरलेलं, मध्ये सलाईनची नळी. इकडची सिरिंज दाबली की तिकडची वर येते आणि फावडं उचललं जातं. मी आपलं सहज विचारलं, पाणीच का? हवा का नाही? तो म्हणाला, "काकू, हवा दाबली की आक्रसते, मग जोर तिथंच मुरतो. पाणी आक्रसत नाय, म्हणून जोर पुढं जातो. आधी मी हवाच भरलेली, फावडं नुसतं थरथरायचं." पास्कलचं नाव त्याला पटकन आठवलं नाही. नियम मात्र त्याच्या बोटांत होता. वडील जेसीबीवर चालक आहेत, त्यांच्यासोबत जाऊन त्याने खऱ्या यंत्राच्या नळ्या बघितल्या होत्या.

पहिलं बक्षीस एका 'स्मार्ट सिटी'ला मिळालं. दिवे फार सुंदर होते. कुणी केले ते विचारू नका. मला परीक्षकांशी भांडायचं नाही, एका दुपारी पन्नास-साठ प्रकल्प बघायचे म्हणजे काय असतं ते मी पाहिलं. पण अहवालात गेली ती 'स्मार्ट सिटी'. "हवा भरली, जमलं नाही, मग पाणी भरलं" हे कुठेच गेलं नाही. विज्ञान म्हणजे तर तेच ना?

शनिवारी गॅदरिंग, आणि तिथे मला जरा जास्तच लागलं. हल्ली नाच बसवायला बाहेरून माणूस येतो. त्याचे पैसे, शिवाय ड्रेपरीचं भाडं, मेकअप, सगळं मिळून प्रत्येक मुलामागे सातशे रुपये. ज्यांना सातशे रुपये म्हणजे एका वेळचं बाहेरचं जेवण, त्यांना यात काही वाटणार नाही. माझ्या लेकीच्या वर्गातल्या एका मुलीने सरावाच्या दुसऱ्याच दिवशी नाव काढून घेतलं. "मला नाचायला आवडत नाही," असं तिने बाईंना सांगितलं. शनिवारी ती माझ्यासोबत विंगेत पिना धरून उभी होती. गाणं सुरू झालं आणि तिचे पाय पहिल्या ठोक्यापासून चालू झाले. एकही पाऊल चुकलं नाही. वळायची जागा आली की ती तिथल्या तिथे, पडद्याला धक्का न लावता वळायची. मी तिच्याकडे बघतेय हे लक्षात आल्यावर थांबली. मग मीच मुद्दाम पिनांचा डबा उघडून बसले.

आता दुसरी बाजू. पाचवीच्या बाईंनी शेतकरी नाच बसवला होता, स्वतः. मुलींनी आईच्या साड्या नेसल्या, मुलांनी वडिलांचे किंवा आजोबांचे पांढरे शर्ट घालून डोक्याला उपरणी गुंडाळली. विळे पुठ्ठ्याचे. खर्च जवळजवळ शून्य. सगळा वर्ग स्टेजवर, एकही मूल खाली नाही. दोघांची टक्कर झाली, एकाचं मुंडासं सुटलं, त्याने ते काखेत धरून नाच पुरा केला. प्रेक्षकांनी 'वन्स मोअर' दिला तो याच नाचाला. म्हणजे जमत नाही असं नाही. करायचं ठरवलं तर जमतं.

हे सगळं मी एका शिक्षिका मैत्रिणीजवळ बोलले, तर ती म्हणाली, तुला बाहेरून बोलायला सोपं आहे. तिचं म्हणणं मी प्रामाणिकपणे मांडते, कारण ते खरं आहे. अनुदानित शाळेत दरवर्षी संचमान्यता होते. पटावर मुलं किती, त्यावर शिक्षकांची पदं ठरतात. मुलं घटली की पद जातं, शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि समायोजनात दुसऱ्या शाळेत पाठवला जातो. शेजारी चकचकीत इंग्रजी शाळा उभी आहे, तिच्या बसेस गल्लीत फिरतात. प्रवेशाच्या दिवसांत दारात आलेला पालक पहिला प्रश्न विचारतो, "रिझल्ट काय?" मग गेटवर फोटोंचा फ्लेक्स लावावाच लागतो. "तो फ्लेक्स हौसेचा नाही गं, आमच्या नोकरीचा आहे," असं ती म्हणाली.

मला हे पटतं. फ्लेक्स काढा, असं मी म्हणतच नाहीये. पण गुरुवारच्या आनंदमेळ्यात मी काय पाहिलं तेही सांगते. भेळ, मठ्ठा, इडली, उकडलेल्या शेंगा असे मुलांचे स्टॉल. सहावीची पोरं सुट्या पैशांचा हिशोब करत होती. एकाने वीसच्या नोटेवर चुकून जास्त पैसे परत दिले, तर दुसरा गिऱ्हाइकामागे मैदानभर धावला. लहान भावंडांना घेऊन आलेले पालक हे बघत उभे होते. पुढच्या वर्षी पहिलीत जाणाऱ्या मुलाची आई मला म्हणाली, "इथं सगळीच पोरं कामाला आहेत की!" तिने रिझल्ट विचारला नाही. एका उदाहरणावरून मी सिद्धांत मांडत नाही. पण मुलांना शाळेत काय मिळतं, हे कप बघून जेवढं कळतं तेवढंच अशा कामांतूनही कळतं, आणि ते बघणारे पालक असतात, एवढं नक्की.

आणि हा विचार आपल्याकडे काही नवा नाही. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात छात्रालय सुरू केलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत आणि कामं स्वतः करत. 'कमवा आणि शिका' त्यातूनच उभं राहिलं. ज्या गावात हे घडलं त्या गावातल्या शाळेत, मुलाने केलेल्या कामाला जागा असावी, एवढंच तर मी म्हणतेय.

ती जागा शाळेत आहेसुद्धा! शुक्रवारी हस्तलिखिताचं प्रकाशन झालं. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते, तेव्हा छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक काढत. हस्तलिखिताची ती हौस आपल्या बऱ्याच मराठी शाळांनी अजून जपली आहे. आमच्या शाळेतलं हस्तलिखित मी घरी आणून सावकाश वाचलं. कविता, कोडी, आजीची मुलाखत, किल्ल्याच्या सहलीचं वर्णन. आणि शेवटच्या पानावर नावं. लेख कुणाचे ते आधीच आलंय. या पानावर आहे सुवाच्य अक्षरात उतरवून कुणी काढलं, समास कुणी आखले, शुद्धलेखन कुणी तपासलं, चित्रं कुणाची, आणि सगळ्यात खाली 'खळ केली व पानं शिवली' असं लिहून तीन नावं. माझ्या लेकीच्या वर्गात एक मुलगी आहे, जी वर्षभरात चार वाक्यं बोलली असेल नसेल. तिचं नाव त्या पानावर होतं. तिने दुसऱ्यांचे अकरा लेख लिहून काढले होते. अक्षर असं, की बघत राहावं.

मला वाटतं, शाळेचा वार्षिक अहवाल या शेवटच्या पानासारखा असावा. बक्षिसं असू देत, टाळ्या असू देत. त्याच्या पुढे दोन पानं जोडा. मैदानाची फक्की कुणी मारली, आनंदमेळ्याचा हिशोब कुणी ठेवला, पडदा कुणी ओढला, कुणाचा प्रयोग आधी फसला आणि मग जमला. आठवडा सुरू होण्याआधीच प्रत्येक मुलाला एक काम द्या आणि ती यादी फळ्याशेजारी लावा. ज्याच्या नावापुढे काम नाही त्याला शोधून काम द्या. आणि ड्रेपरी बंद करा, घरात आहे त्या कापडात नाच बसवा. सातशे रुपये नाहीत म्हणून एखाद्या मुलीला "मला आवडत नाही" असं खोटं बोलावं लागू नये, एवढी काळजी तर आपण सहज घेऊ शकतो.

जानेवारीत पालक-शिक्षक संघाची बैठक आहे, तिथे मी हे मांडणार आहे. आमच्या ताईचं म्हणणं, "सगळ्यांची नावं वाचत बसलीस तर कार्यक्रम रात्री संपेल." सगळी नावं वाचू नका, छापा आणि गेटवर लावा, त्या फ्लेक्सच्या शेजारीच. वाचायची फक्त कामं आणि वर्ग. त्याला फार तर दहा मिनिटं जास्त लागतील. ती प्रमुख पाहुण्यांच्या "मी आपला फार वेळ घेणार नाही" नंतरच्या भाषणातून आरामात निघतील.