बहिणीचं लग्न कुठं लावणार?

गोदीतल्या जेवणसुट्टीत बाबासाहेबांचा एक निबंध वाचतोय. ९ मे १९१६, कोलंबिया विद्यापीठ, गोल्डनवायझरांचा मानववंशशास्त्राचा वर्ग. बाबासाहेब पंचवीस वर्षांचे, माझ्याच वयाचे! सेनार, नेसफील्ड, रिस्ले, केतकर – एकेकाला तपासून हा तरुण सांगतो : जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नं लावण्यावर. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह हे त्या कोंडवाड्याचे कडीकोयंडे. म्हणजे कुंपण घातलंय ते बाईच्या जिवावर. १९१७ साली ‘इंडियन अँटिक्वरी’नं हे छापलं.

परवा एक पीएच.डी.वाला आमच्या चाळीत आला. तुमच्यात देवदेव कसं, जेवणखाण कसं, फॉर्म भरत बसला. आम्ही त्याचा कच्चा माल. मी म्हटलं, साहेब, तुमच्या घरची लग्नं कुणी मोजली? हसला. चहा तसाच टाकून गेला.

पण गोम पुढंच आहे. आपल्या पोरांच्या बैठकीत मी हाच सवाल टाकला. बौद्ध, मातंग, चर्मकार, ढोर, सगळे होते. बहिणीचं लग्न कुठं लावणार? कुणी बोलेना. मीसुद्धा.