झडप बसवलेल्या माणसाची रक्ततपासणी चुकू देऊ नका : लिंबायतकरांना जाहीर आवाहन

लिंबायत, गोडादरा, डिंडोलीतल्या बंधू-भगिनींनो,

पोटापाण्यासाठी खान्देशातून सुरतेला आलेल्या आपल्या घरांमध्ये हृदयाची झडप बदललेली माणसं आहेत. लहानपणी घसा सुजला, मागून सांधेदुखीचा ताप आला, तो उतरलाही. पण झडप कायमची खराब करून गेला, अशी कित्येकांची कहाणी. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने घडवलेली देशी झडप 6 डिसेंबर 1990 रोजी पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली, आणि हा उपचार गरिबाच्या आवाक्यात येऊ लागला.

यांत्रिक झडप वर्षानुवर्षं टिकते. घात होतो तो गोळी सुटल्याने. अशा झडपेवर रक्त साकळू नये म्हणून अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉरफरिन जन्मभर घ्यावी लागते, आणि मात्रा ठरवायला पीटी-आयएनआर ही रक्ततपासणी वेळोवेळी करावी लागते. मायट्रल झडप असेल तर आकडा साधारण 2.5 ते 3.5 हवा, महाधमनीच्या झडपेला थोडा कमी चालतो. घसरला तर गुठळी होऊन झडप अडकते किंवा अर्धांगवायू होतो. फार चढला तर रक्तस्राव.

म्हणून आज एवढं करा : दाराआडच्या खिळ्याला टांगलेली दवाखान्याची पिशवी खाली काढा आणि शेवटच्या रिपोर्टवरची तारीख बघा. डॉक्टरांनी दिलेली मुदत उलटली असेल, तर उद्याच तपासणी करा. आखाजीला, लग्नसराईला गावी निघताना कपड्यांच्या आधी गोळ्या भरा. मेथी-पालक सोडू नका, फक्त प्रमाण रोज सारखं ठेवा. अंगदुखीची गोळी किंवा जडीबुटी मनाने घेऊ नका. दात काढायचा असेल तर झडपेचं आधी सांगा.

लेकी-सुनांबद्दल मला विशेष कळकळीने सांगायचं आहे. घरात सगळ्यांचं झाल्यावर बाईच्या तपासणीचा नंबर लागतो. झडप बसवलेल्या मुलीने मूल होऊ देण्याआधीच डॉक्टरांना भेटायला हवं. ही गोळी पोटातल्या बाळाला इजा करू शकते, आणि परस्पर बंद केली तर आईच्या जिवावर बेतते. सासूबाईंनी स्वतः तिला घेऊन जावं.

लूम आणि साडीच्या कारखानदारांनो, तपासणीच्या दिवशी कारागिराची हजेरी कापू नका. मेडिकलवाल्या भावांनो, दुखण्याची गोळी देण्याआधी रक्त पातळ करणारं औषध सुरू आहे का, एवढं विचारा. गणेश मंडळांनी वर्गणीतला काही भाग गल्लीतल्या अशा रुग्णांच्या तपासणीसाठी बाजूला काढावा. मंडपाची एक कमान कमी झाली तरी चालेल.

अचानक दम लागला, बोलणं अडखळलं, हात किंवा पाय लुळा पडला, छातीतली झडपेची टिकटिक बारीक झाली किंवा शौच काळी झाली, तर सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा, आणि ती पिशवी सोबत न्या.

– आपल्यातलाच एक लिंबायतकर