पाटीवरचें नांव आणि पानावरचें अन्न

परदेशीं गेलेल्या आपल्या मंडळींकडून एक तक्रार वारंवार ऐकूं येते. तेथील उपाहारगृहांच्या पाट्यांवर ‘भारतीय भोजन’ असें ठळक अक्षरांत लिहिलेलें असतें. पण आंत जाऊन पाहावें तों नान, तंदुरी आणि तांबड्या-पिवळ्या रश्श्यांचे चार-सहा प्रकार, यांपलीकडे भारत नाहीं! वरणभात नाहीं, थालीपीठ नाहीं, पुरणपोळीचें तर नांवच नको. ‘हें का आपलें अन्न?’ असें म्हणून मंडळी हळहळतात. या हळहळींत तथ्य किती, याचा आज थोडा विचार करूं.

ही पाटी लावली कोणीं, हें आधीं पाहिलें पाहिजे. लंडन शहरांत शेख दीन महंमद या पाटण्याकडील गृहस्थानें १८१० सालीं हिंदी पद्धतीचें भोजनगृह काढलें, आणि दोन वर्षांतच त्याचें दिवाळें निघालें. पुढें १९२६ सालीं एडवर्ड पामर यांनीं रीजंट स्ट्रीटवर ‘वीरास्वामी’ उघडलें. परंतु गल्लोगल्लीं अशीं भोजनगृहें पसरलीं तीं दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि तीं पसरविलीं सिल्हेटकडील लोकांनीं. त्यांच्यापैकीं पुष्कळांचे वाडवडील आगबोटींवर खलाशाचें काम करणारे. त्यांनीं एक युक्ति काढली : मूळ रश्श्याचें एक मोठें पातेलें शिजवून ठेवावयाचें, आणि गिऱ्हाईक येईल तसतशी त्यांत साय, मिरची वा मसाला घालून तें निरनिराळ्या नांवांनीं वाढावयाचें. इकडे १९४७ च्या फाळणीनंतर पेशावरकडील निर्वासितांनीं दिल्लीस दर्यागंजांत ‘मोती महाल’ काढलें व तंदूर लोकप्रिय केला. तोही समुद्र ओलांडून गेला. हें मिश्रण इंग्रजांस इतकें मानवलें कीं, २००१ सालीं रॉबिन कुक या त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनीं ‘चिकन टिक्का मसाला’ हा ब्रिटनचाच राष्ट्रीय पदार्थ म्हणून गौरविला.

या लोकांस भारताचें प्रतिनिधित्व करावयास कोणीं नेमलें नव्हतें. त्यांस पोट भरावयाचें होतें. त्यांनीं कष्ट केले आणि पाटी लावली. आपण मराठी मंडळी विद्यार्थी, डॉक्टर, इंजिनिअर म्हणून गेलों. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचें; पण तेथील सणासुदीचीं पक्वान्नें आपण आपसांतच वाढलीं. जें आपण दुकानांत मांडलें नाहीं, तें परक्यानें चाखलें नाहीं म्हणून त्यास बोल कसा लावावा? हाउन्स्लो येथें २०१० सालीं मुंबईच्या दोन मित्रांनीं ‘श्रीकृष्ण वडापाव’ हें लहानसें दुकान काढलें, तेव्हां तेथें मराठी पदार्थही विकला जाऊं लागलाच.

‘बाहेर गेलें कीं अन्न भ्रष्ट होतें’ हा दुसरा आक्षेपही मला फारसा पटत नाहीं. आपल्या एकादशीचीच गोष्ट घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून करितात तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची हीं चारही मूळचीं अमेरिका खंडांतलीं. ज्ञानेश्वरकालीं यांपैकीं एकही वस्तु या देशांत नव्हती. जें उपासास चालतें तें इतकें परदेशी, मग साहेबानें आपल्या रश्श्यांत साय ओतली तर आपण कोणत्या तोंडानें रागवावें?

तथापि एक गोष्ट खरोखर हरवते, ती व्याकरणाच्या आधारानें सांगतों. ‘व्यंजन’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. वर्णमालेंत, स्वराच्या आधारावांचून ज्याचा नीट उच्चार होत नाहीं तें व्यंजन. स्वयंपाकघरांत, मुख्य अन्नास चव आणणारें तें व्यंजन. पाणिनीनें व्यंजन आणि अन्न यांच्या समासासाठीं स्वतंत्र सूत्र केलें आहे. ‘दध्योदन’, म्हणजे आपला दहींभात, हें त्याचें प्रसिद्ध उदाहरण. आपल्या विदर्भाचे वडाभात आणि गोळाभात हे त्याच जातीचे समास होत. उपाहारगृह हा समास सोडवितें. व्यंजन वाटींत घालून विकतें, भाताची किंमत निराळी लावितें. पण वडाभात असा सुटत नाहीं. वाफाळलेला भात, त्यावर कुस्करलेले मिश्र डाळींचे वडे आणि हिंगाच्या फोडणीचें कढत तेल, हीं तिन्ही एकाच वेळीं पानांत पडावीं लागतात. त्यासाठीं इतरांचीं जेवणें उरकेपर्यंत कोणीतरी चुलीपाशीं उभें राहावें लागतें. तें ‘कोणीतरी’ म्हणजे घरची गृहिणी, हें सांगावयास नको. तिच्या वेळेची किंमत कोणीं मोजली नाहीं, म्हणून हें अन्न घरांत स्वस्त राहिलें आणि बाजारांत परवडेनासें झालें.

आतां परदेश राहूं द्या. नागपुरांतच काय आहे? आमची वाडी अमरावती रस्त्यावर. या रस्त्यानें जातांना पंजाबी, चिनी, दाक्षिणात्य आणि सावजी अशा पाट्या दिसतात. सावजी हें कोष्टी विणकरांच्या घरचें झणझणीत जेवण. हातमागाचा धंदा खालावला तेव्हां त्यांनीं लाज न धरतां खानावळी काढल्या, आणि आज पुण्या-मुंबईस सावजी म्हणजेच नागपूर असें समीकरण झालें आहे. हा मान त्यांनीं कष्टानें मिळविला. पण वडाभात, गोळाभात, पुडाची वडी यांची पाटी क्वचितच दृष्टीस पडते. आमच्याकडे कोथिंबिरीस ‘सांबार’ म्हणतात. ‘सांबारवडी’ असें पुण्यास पाटीवर लिहिलें, तर गिऱ्हाईक इडलीबरोबरचें सांबार शोधील!

आपल्या घरांत अन्नविक्रय हलका मानला गेला. तरी ज्यांच्यावर अकालीं वैधव्य आलें अशा कित्येक माउल्यांनीं दुसऱ्यांच्या घरीं पोळ्या लाटून मुलें शिकविलीं. आज त्या मुलांचीं नातवंडें परदेशीं आहेत. त्या हातांची चव समाजानें दोन पिढ्या खाल्ली, पण त्यांच्या नांवाची पाटी कोठेंच लागली नाहीं.

माझा एक पुतण्या इंग्लंडांत आहे. त्याच्या आठ वर्षांच्या मुलीस शाळेंत ‘तुमच्या घरचें अन्न’ या विषयावर चार ओळी लिहावयास सांगितल्या. तिनें लिहिलें ‘नान’. त्यांच्या घरीं नान कधींच होत नाहीं, रोज पोळीच होते. पण बाईंस समजेल असा शब्द तिला तेवढाच सांपडला. पुतण्यानें हें गमतीनें कळविलें. मला मात्र त्यांत गंमत वाटली नाहीं. आपल्या घरच्या वस्तूचें नांव सांगावयास मुलानें संकोचावें, हा तोटा कोणत्याही रश्श्यांत साय पडण्याहून मोठा आहे.

यास उपाय आहे, आणि तो परदेशांत नाहीं. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० सालीं निघाली आणि घरोघर पोंचली, कारण त्यांनीं हातचें ज्ञान कागदावर आणलें. आपल्या घरीं जी वडील स्त्री असेल तिच्याजवळ बसून एकेक पदार्थ लिहून घ्यावा. ‘अंदाजानें’ म्हणाली तर तिची मूठ वाटींत रिकामी करवून मापावी, आणि खालीं तिचें नांव घालावें. हें काम सुनेवर ढकलूं नये. मुलानें वही घेऊन बसावें आणि एकदां स्वतः वडे तळावे. मग त्यांतील कोणी उद्यां लंडनास वा लक्ष्मीनगरास वडाभाताचें दुकान काढूं म्हणाला, तर घरच्या वडीलधाऱ्यांनीं कपाळास आठ्या न घालतां पहिलें गिऱ्हाईक व्हावें.