वीस मार्कांची चाळण

दर जुलैत आमच्या कॉलेजात प्रथम वर्षाच्या मुलांची इंग्रजीची चाचणी होते. वीस मार्क, अर्धा तास, चारातला एक पर्याय निवडायचा. बारा किंवा जास्त मिळाले की ‘अ’ तुकडी, कमी पडले की ‘ब’. यादी नोटीस बोर्डावर लागते आणि दुपारची एसटी सुटायच्या आत कोण ‘ब’मध्ये ते गावोगाव पोचतं. फायलीत या मुलांना ‘स्लो लर्नर’ म्हणतात. शब्द नॅकच्या जुन्या निकषांतला. आम्ही तो थेट पोरांच्या कपाळावर चिकटवला.

बावीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे आणि त्यातली बरीच वर्षं हा पेपर मीच काढलाय. म्हणजे पहिली तक्रार माझ्याविरुद्धच.

गेल्या पावसाळ्यात गुलाबावर मावा पडला म्हणून कृषी सेवा केंद्रात गेले. गल्ल्यावर आमचाच विद्यार्थी. चाचणीत सहा मार्क, तुकडी ‘ब’. “मॅडम, हे नका नेऊ, हे ‘कॉन्टॅक्ट’ आहे, अंगावर पडेल तेवढ्यालाच मारतं. ‘सिस्टेमिक’ न्या, झाडात भिनतं.” मग बाटली फिरवून बारीक इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवत त्यानं मला प्रमाण समजावलं. “आणि ‘डू नॉट’ दिसलं ना, की पुढचं दोनदा वाचायचं.” माझ्या पेपरात ‘अ‍ॅन’ कुठे आणि ‘द’ कुठे, एवढंच विचारलं होतं.

त्याच वर्षी सतरा मार्कांची, इंग्रजी माध्यमातली एक मुलगी बोनाफाइडचा चार ओळींचा अर्ज लिहिताना तीन कागद फाडून बसली होती. बोलते मात्र फाडफाड.

आपल्याकडे दहावीपर्यंत माध्यमाप्रमाणे इंग्रजीची पुस्तकं वेगळी, अकरावीला ‘युवकभारती’ सगळ्यांना एकच. त्यामुळे कोणाचं वाचन पुढे, कोणाचं बोलणं. युरोप परिषदेनं 2001 मध्ये भाषेच्या सहा पायऱ्या आखल्या, तेव्हा ऐकणं, वाचणं, बोलणं, लिहिणं यांची वर्णनं वेगवेगळी केली. एकच माणूस वाचनात चौथ्या पायरीवर आणि बोलण्यात पहिल्या पायरीवर असू शकतो. आमच्या वीस मार्कांत हे मावत नाही.

प्रत्येक मुलाला दहा मिनिटं द्या. एक उतारा वाचू दे, काय कळलं ते मराठीत सांगू दे, मग इंग्रजीत चार ओळी लिहू दे. एवढी मुलं, वेळ कुठून आणायचा, असं सहकारी विचारतात. चार-पाच दिवस तास बुडतील, खरंय. स्वागत समारंभाला बुडतात तेव्हा कोणी हिशेब मागत नाही.

प्राचार्यांकडे अर्ज दिलाय: यादी बोर्डावर लावू नये, आणि दिवाळीआधी मुलांना तुकडी बदलायची एक संधी द्यावी. अजून त्यावर सही झालेली नाही.